ट्रिस्टन दा कुन्हाला जहाज थांबेल, पण उतरता येईल का?

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. तुम्ही दोघं मार्चअखेर अर्जेंटिनातल्या उशुआइयाला जहाजावर चढणार, साउथ जॉर्जिया बेट बघून केपटाऊनला उतरणार. मधे कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ आहे: 'ट्रिस्टन दा कुन्हा, एक दिवस, हवामान अनुकूल असल्यास.' त्या एका दिवसात काय काय बघून होईल, यजमानांचं गुडघेदुखीचं दुखणं आड येईल का, आणि तिथल्या शाळकरी मुलांसाठी वह्या, पेनं, लाडू नेले तर चालतील का, असं तुम्ही विचारलंय.

मी अशाच जहाजांवर डेकला काम करतो. गँगवेवरून, म्हणजे जहाजाच्या कडेला सोडलेल्या जिन्यावरून, माणसं रबरी बोटीत उतरवायची, किनाऱ्याला लावायची आणि सगळी मोजून परत आणायची, हा माझा धंदा. त्यामुळे उत्तर बोटीच्या बाजूने देतो. काय बघायचं ते पुढे सांगेनच, पण तुम्ही ज्या शब्दांवरून भरकन पुढे गेलात ते 'हवामान अनुकूल असल्यास' आधी घेऊ. तुमचा सगळा दिवस त्या तीन शब्दांवर टांगलेला आहे.

ट्रिस्टन केपटाऊनपासून सुमारे २,८०० किलोमीटरवर, दक्षिण अटलांटिकच्या मधोमध आहे. सगळ्यात जवळची वस्ती म्हणजे सेंट हेलेना, तीही २,४०० किलोमीटरवर. विमानतळ नाही. बेट म्हणजे समुद्रातून वर आलेला २,०६२ मीटर उंचीचा ज्वालामुखी आणि त्याच्या पायथ्याशी वायव्येला सपाटीची एक चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर एकच गाव, एडिनबरा ऑफ द सेव्हन सीज, माणसं अडीचशेच्या आत. गावाखाली कालशॉट नावाचं बंदर आहे. बंदर म्हणायचं आपलं, दगडी बांधाचे दोन आखूड हात आणि मधे चार बोटी मावतील एवढं पाणी. गावकरी स्वतःच्या मासेमारीच्या बोटीही रात्री त्या पाण्यात ठेवत नाहीत, क्रेनने उचलून धक्क्यावर घेतात. यावरून काय ते समजा. वर्षातले जेमतेम साठ-सत्तर दिवस हे बंदर नीट वापरता येतं, असं तिथे सांगतात.

आता गंमत ऐका. १५०६ मध्ये पोर्तुगीज दर्यावर्दी त्रिस्ताँ दा कुन्हा अफोन्सो द अल्बुकर्कबरोबर हिंदुस्थानाकडे निघाला असताना त्याला हे बेट दिसलं. समुद्र खवळलेला होता, त्यामुळे त्याला उतरता आलं नाही. बेटाला नाव देऊन तो पुढे निघाला. मी वसईचा, म्हणून मला या घराण्याबद्दल थोडा जास्त रस. याच त्रिस्ताँचा मुलगा नुनो दा कुन्हा पुढे पोर्तुगीज हिंदुस्थानचा गव्हर्नर झाला, राजधानी कोचीनहून गोव्याला आली ती त्याच्या काळात, आणि १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली तीही त्याच्याच कारकिर्दीत. म्हणजे मुलाला वसई मिळाली, पण बापाला स्वतःच्या नावाच्या बेटावर पाय ठेवता आला नाही. तेव्हा तुम्हालाही जमलं नाही तर वाईट वाटून घेऊ नका, संगत चांगली आहे.

उतरणं रद्द झालं की जहाजावर दर वेळी तोच वाद होतो. बाहेर स्वच्छ ऊन, वारा पडलेला, गावातली घरं दुर्बिणीशिवाय दिसताहेत आणि कप्तान 'नाही' म्हणतोय. लोक रिसेप्शनवर जाऊन भांडतात. पण अडचण वाऱ्याची नसतेच, स्वेलची असते. हजारभर किलोमीटरवर दोन दिवसांपूर्वी वादळ झालेलं असतं, त्याने ढकललेल्या लांब, संथ लाटा आज इथे पोचतात. खोल पाण्यात त्या कळतही नाहीत, जहाज नुसतं हळूच वर-खाली होतं. पण बंदराच्या तोंडाशी तळ उथळ आहे, तिथे तीच लाट उभी राहते आणि फुटते. आमच्या पाचूबंदरच्या कोळ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. खाडीच्या तोंडाला कधी शिरायचं आणि कधी बाहेर थांबून राहायचं, हे त्यांच्या हाडात असतं. ट्रिस्टनच्या माणसांचंही तसंच. धक्क्यावर उभं राहून ते लाटा मोजतात, मोठ्या लाटांची एक खेप जाऊ देतात आणि मधल्या शांततेत बोट आत घेतात. ती शांतता पुरेशी लांब नसेल तर बंदर बंद.

एक गोष्ट प्रवाशांच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे इथे दोन होकार लागतात. जहाजाने बोटी पाण्यात सोडायच्या की नाही, हे कप्तान ठरवतो. बंदरात यायचं की नाही, हे गाव ठरवतं. कप्तान 'हो' म्हणाला आणि रेडिओवर गाव 'नाही' म्हणालं, तर विषय संपला. आणि गावाला या बाबतीत कुणी शहाणपण शिकवू नये. १८८५ च्या नोव्हेंबरमध्ये वाटेने जाणाऱ्या एका जहाजाशी देवघेव करायला गावातले १५ पुरुष होडीने निघाले, ते परत आले नाहीत. तेव्हाच्या इवल्याशा वस्तीतले बहुतेक कर्ते पुरुष एका दिवसात गेले. जहाज दिसतंय म्हणून धावायचं नसतं, हे त्या गावाला कुणाही कप्तानाहून जास्त कळतं.

मग तुमची शक्यता किती? खरं सांगायचं तर तुमच्या पत्रिकेवर ते अवलंबून आहे. एकच दिवस, तोही सकाळी पोचून संध्याकाळी निघायचं, असं असेल तर तो जुगार समजा. ज्या कंपन्या हा मार्ग गांभीर्याने करतात, त्या ट्रिस्टन, नाइटिंगेल, इनॅक्सेसिबल या बेटांच्या टापूत मिळून दोन-तीन दिवस हाताशी ठेवतात. पहिल्या दिवशी जमलं नाही तर बेटाच्या आडोशाला सरकायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं. म्हणून पैसे भरण्यापूर्वी कंपनीला दोनच गोष्टी विचारा: या टापूत राखीव दिवस किती, आणि जहाजावर प्रवासी किती. शंभर-दीडशे माणसं समुद्र थोडाच वेळ शांत राहिला तरी उतरवता येतात. पाचशेच्या वर असतील तर चांगल्या दिवशीही निम्म्यांची पाळी येईपर्यंत दुपार होते, आणि दुपारी स्वेल वाढली की उरलेले डेकवर उभे राहून फोटो काढतात. 'आम्ही मागच्या वर्षी उतरलो होतो' या उत्तराला काही किंमत देऊ नका.

उतरता आलं नाही तरी दिवस पूर्ण बुडतोच असं नाही. बोट जहाजापर्यंत येण्याइतका समुद्र बरा असेल तर गावातली काही मंडळी जहाजावर येतात, टेबलं मांडून टपालाची तिकिटं, विणलेले मोजे, स्वेटर विकतात, गप्पा मारतात. अर्थात तेही दर वेळी जमत नाही. माझं स्पष्ट मत असं, की केवळ ट्रिस्टनसाठी ही सफर घेऊ नका. साउथ जॉर्जियासाठी घ्या, मधल्या चार-पाच दिवसांच्या मोकळ्या समुद्रासाठी आणि जहाजामागे तरंगत येणाऱ्या अल्बट्रॉस पक्ष्यांसाठी घ्या. ट्रिस्टन मिळालं तर वरकड.

आता गुडघ्याचं. खरी परीक्षा बोटीत उतरताना आणि धक्क्यावर चढताना आहे, गावात नाही. गँगवेच्या खालच्या पायरीवर आमचा एक माणूस असतो, बोटीत दुसरा. हात हातात द्यायचा नाही, एकमेकांचं मनगट धरायचं, ओला पंजा सुटतो पण मनगट सुटत नाही. दोन्ही हात मोकळे हवेत, कॅमेरा आणि पिशवी पाठीवर. मग थांबायचं. बोट वर येते, खाली जाते, पुन्हा वर येते. ती वर येऊन क्षणभर स्थिरावते तेव्हा आमचा माणूस 'चला' म्हणतो आणि त्याच क्षणी पाऊल टाकायचं: आधी बोटीच्या फुगीर काठावर, मग आतल्या पायरीवर, आणि लगेच बसायचं. बसून सरकायचं, उभ्याने चालायचं नाही. लोक चुकतात ते घाईत नाही, तर अर्धं पाऊल टाकून विचार करण्यात. एक पाय गँगवेवर, एक बोटीत आणि बोट खाली निघाली, की गुडघा चांगला असो की वाईट, दोन्ही सारखेच.

तेव्हा यजमानांना घरी एक चाचणी घ्यायला सांगा. जिन्याच्या दोन पायऱ्या एकदम, कठडा न धरता, फक्त तुमच्या मनगटाच्या आधाराने उतरता येतात का? येत असतील तर शांत दिवशी अडचण नाही. नसतील तर साउथ जॉर्जियाला पहिल्या उतरण्याच्या वेळी डेकवरच्या माणसाला गुडघ्याचं आधीच सांगा. आम्ही अशा प्रवाशांना गर्दी ओसरल्यावर घेतो, एक माणूस जास्त लावतो. लपवून रांगेत उभे राहणारे मात्र आम्हाला शेवटच्या पायरीवर कळतात, तेव्हा काही करता येत नाही. धक्क्यावरून गावात जायला थोडा पण चांगलाच उभा चढ आहे. काठी न्या, मात्र तिचं रबरी टोक घासून स्वच्छ करून.

हे काठीचं मुद्दाम लिहिलं, कारण उतरण्याच्या आदल्या दिवशी तुमच्या सगळ्या सामानाची झडती होईल. बुटांचे तळवे, पँटच्या घड्या, वेल्क्रो, पिशव्यांचे कोपरे ब्रशने आणि व्हॅक्यूमने साफ केले जातात. परदेशी पाहुण्यांच्या वेल्क्रोत गवताची कुसळं निघतात. आपल्या लोकांच्या खिशात काय निघतं सांगू? बडीशेप. जेवणानंतर तोंडात टाकायला घेतलेली, खिशाच्या शिवणीत अडकून राहिलेली. शिवाय तीळ, ओवा, कधी अख्खी वेलची. हसण्यावारी नेऊ नका. बडीशेप कॅलिफोर्नियात रानोमाळ पसरलेलं तण होऊन बसली आहे. ट्रिस्टनवर उंदीर आले ते १८८२ मध्ये फुटलेल्या एका जहाजावरून, आणि आजतागायत आहेत. याच द्वीपसमूहातल्या गॉफ बेटावर माणसांच्या जहाजांतून गेलेले साधे घरातले उंदीर अल्बट्रॉसची जिवंत पिल्लं कुरतडून खातात. त्यांचा नायनाट करायची मोठी मोहीम २०२१ मध्ये झाली, तीही फसली. इनॅक्सेसिबल बेट अजून उंदरांपासून मुक्त आहे, म्हणूनच जगातला सगळ्यात लहान न उडणारा पक्षी तिथे टिकून आहे. त्यामुळे तुमचे लाडू जहाजावरच राहतील. खाण्याचा कुठलाही पदार्थ बेटावर न्यायचा नाही, सुका मेवासुद्धा नाही.

दुसरी झडती तुम्ही स्वतःची घ्यायची. नाक वाहतंय, घसा धरलाय, तर गुपचूप गोळी घेऊन उतरू नका, डॉक्टरला सांगा आणि जहाजावर थांबा. या गावात दमा फार आहे. मूळ मोजक्या माणसांपासून वस्ती वाढली, त्यांच्यातच तो होता, म्हणून शास्त्रज्ञ त्यावर अभ्यासही करून गेले. जहाज येऊन गेलं की गावात सर्दीची साथ येते, ही तिथली जुनी तक्रार आहे. छोटं आरोग्यकेंद्र आहे, पण गंभीर रुग्णाला केपटाऊनला न्यायचं म्हणजे जहाजाची वाट बघणं आलं.

समजा सगळं जुळलं आणि तुम्ही धक्क्यावर चढलात. चार-पाच तास हाताशी असतील. लोक इथे यादी घेऊन धावतात: चर्च, बार, शाळा, पाटी, फोटो, पुढचं. गाव एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रमतगमत पाऊण तासात संपतं, मग धावायचं कशाला? शंभर माणसांचं वऱ्हाड अडीचशेच्या गावात एकदम घुसलं की गावाची काय अवस्था होत असेल, याचा विचार करून मी प्रवाशांना एकच सांगतो, एक गोष्ट निवडा आणि तिच्यासाठी वेळ द्या.

तुमच्यासाठी मी १९६१ चा लाव्हा निवडेन. गावाच्या पूर्वेला लागूनच तो काळा, खडबडीत ढीग आहे, फार चालावं लागत नाही. त्या ऑक्टोबरमध्ये गावाच्या अगदी कडेला जमीन फाटली. सगळं गाव होड्यांतून आणि मासेमारीच्या दोन जहाजांच्या मदतीने नाइटिंगेल बेटावर गेलं, तिथून त्यांना केपटाऊनला नेलं ते 'चिसदाने' नावाच्या डच प्रवासी जहाजाने. पुढे इंग्लंड. लाव्हाने मासळीचा कारखाना आणि होड्या लावायचा किनारा गिळला, घरं मात्र जवळपास सगळी वाचली. इंग्लंडमध्ये त्यांना नोकऱ्या होत्या, टीव्ही होता, बस होती. तरी १९६२ मध्ये परत जायचं का यावर मतदान झालं तेव्हा १४८ विरुद्ध ५ असा कौल पडला, आणि १९६३ मध्ये गाव परतलं. नवं बंदर बांधलं, त्याला नाव दिलं इंग्लंडमधल्या त्यांच्या छावणीचं, कालशॉट. त्या ढिगावर उभं राहून खाली घरांकडे बघितलंत की ही हकिगत पुस्तकात वाचण्यापेक्षा जास्त कळते, लाव्हा आणि शेवटचं घर यांत अंतर किती थोडं आहे ते डोळ्यांना दिसतं. गावाबाहेर फिरायला स्थानिक वाटाड्या लागतो, तो जहाज ठरवून देतं.

यजमानांना चालायचं नसेल तर बटाट्याच्या वाफ्यांकडे गाडीने जाता येतं, गाडी त्या दिवशी उपलब्ध असेल तर. दगडी बांध घातलेले छोटे छोटे तुकडे, प्रत्येक कुटुंबाचा आपला. जमीन कुणाला विकत घेता येत नाही, बाहेरच्याला तर नाहीच. गुरंही घरटी किती ठेवायची याला मर्यादा आहे. याची मुळं १८१७ पर्यंत जातात. नेपोलियन सेंट हेलेनावर कैदेत होता, त्याला कुणी सोडवू नये म्हणून इंग्रजांनी इथे फौज ठेवली. ती परत गेली तेव्हा विल्यम ग्लास नावाचा स्कॉटिश सैनिक बायकोमुलांसह मागे राहिला, आणि सोबत्यांशी लेखी करार केला की सगळ्यांचा हिस्सा सारखा, कुणी कुणाचा वरिष्ठ नाही. आजही गावात ग्लास आडनाव आहे. लावारेलो आणि रेपेत्तो ही आडनावं इटालियन, १८९२ मध्ये फुटलेल्या जहाजावरच्या खलाशांची. कुणाशी गप्पा झाल्या तर त्यांची 'पोटॅटोज' कशी आलीत हे विचारा. हवामानापेक्षा तो विषय जास्त चालतो.

एक मात्र होऊ शकतं: तुम्ही गेलात आणि गाव रिकामं दिसलं. मासेमारीचा दिवस असला की पहाटेच गावात घंटा होते, बोटी जातात आणि संध्याकाळी अर्धं गाव कारखान्यात असतं. गावाचं पोट खडकाळ समुद्रातल्या लॉब्स्टरवर चालतं. समुद्र शांत म्हणजे तुम्हालाही उतरता येणार आणि त्यांनाही मासेमारीला जाता येणार. त्या दिवशी तुम्ही दुय्यम, ते बरोबरच आहे.

मुलांसाठी काही नेऊ नका. ती ब्रिटिश नागरिक आहेत, चांगल्या शाळेत जातात, इंग्रजी बोलतात, आणि अनोळखी माणसाने रस्त्यात पेन हातात ठेवलं तर तुमच्या नातवंडांना जसं अवघडल्यासारखं होईल तसंच त्यांनाही होतं. पैसे खर्च करायचे तर टपाल कार्यालयात करा. पौंडाच्या नोटा, शक्यतो लहान, सोबत ठेवा. तिकिटं हे गावाचं खरंखुरं उत्पन्न आहे. तिथून स्वतःलाच एक पत्र टाका, जहाजाने केपटाऊन आणि मग घरी, काही महिने लागतील. स्थानिक लोकरीचे मोजे मिळाले तर घ्या. घरांच्या खिडक्यांतून आत डोकावून फोटो काढू नका, हे तुम्हाला सांगायला नको, पण जहाजावरच्या बाकीच्यांना तुम्ही सांगितलंत तर बरं.

आणि परतीची वेळ. गळ्यातल्या ओळखपत्रावर शेवटच्या बोटीची वेळ दिलेली असते, तिच्यावर विसंबू नका. स्वेल वाढताना दिसली की आम्ही रेडिओवरून सगळ्यांना आधीच बोलावतो, तेव्हा चहाचा कप अर्धा सोडून निघायचं. बंदर मधेच बंद झालं तर पुन्हा उघडेपर्यंत किनाऱ्यावरच थांबावं लागतं, तास जातात, कधी त्याहून जास्त. म्हणून यजमानांच्या रोजच्या गोळ्या केबिनमध्ये ठेवू नका. दोन दिवसांचा डोस, गुडघ्याचा पट्टा आणि एक गरम कपडा पाण्यापासून जपणाऱ्या पिशवीत घालून पाठीवरच ठेवा.